परवाना हवाच, पण तो कुणाच्या हातात?

पुसद तालुक्याने महाराष्ट्राला दोन मुख्यमंत्री दिले. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ एवढा काळ खुर्चीवर होते, सुधाकरराव नाईक १९९१ ते १९९३. वसंतरावांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण ते यवतमाळला, म्हणजे पुसदहून शंभरेक किलोमीटरवर. पुसदला उपजिल्हा रुग्णालय आहे हे मान्य. पण माळपठारावरच्या तांड्यातून नाहीतर वस्तीतून पुसदला पोचायचे असेल, रात्र असेल आणि घरात मोटारसायकलही नसेल, तर ते रुग्णालय नकाशावरच राहते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझा मावसभाऊ रोजंदारीवर कपाशीची फवारणी करत होता. संध्याकाळी घरी आला तो ओकतच. तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सगळ्यांत आधी धावत आली ती वस्तीतली आशाताई. तिने त्याचे कपडे काढायला लावले, साबण लावून अंग धुवून घेतले, डाव्या कुशीवर निजवले, १०८ ला फोन लावला. एवढे तिला ठाऊक होते आणि एवढे तिने केले. गाडी दुसऱ्या फेरीवर होती. शेवटी दोघांच्या मध्ये बसवून मोटारसायकलवर नेला. तो वाचला. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आधी काही दिलं होतं का?" कुणी द्यायचे आणि काय द्यायचे?

परतल्यावर मी आशाताईला म्हणालो, तुमच्याकडे ॲट्रोपिन असते तर? ती म्हणाली, "भाऊ, मी सुई देली अन् काही झालं तं मले कोण वाचवीन?"

हा लेख तिच्या या प्रश्नावर आहे. जगात ज्याला कम्युनिटी पॅरामेडिक म्हणतात, म्हणजे वस्तीत जाऊन तातडीचे आणि नेहमीचे उपचार करणारा, डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणारा पण स्वतः डॉक्टर नसलेला प्रशिक्षित माणूस, त्याला आपल्याकडे परवाना कोण देणार, कशाच्या आधारावर देणार आणि तो कुणाला मिळणार, हा तो प्रश्न.

२०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्यांत शेतकरी होते, तसेच दुसऱ्याच्या शेतात पंप पाठीवर घेणारे भूमिहीन मजूरही होते. विशेष तपास पथक नेमले गेले, कंपन्यांवर आणि कृषी विभागावर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण शेतातून दवाखान्यापर्यंतच्या दीड-दोन तासांत त्या माणसाजवळ कोण होते आणि त्याला काय करण्याची मुभा होती, हे फार कुणी विचारले नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या विषात श्वास घुसमटायला लागतो तो याच वेळात.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनी सुरू झाली. इतर अनेक राज्यांत गाडीत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो, आपल्याकडे डॉक्टर बसवला, बहुतेक वेळा आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचा पदवीधर. गाडी आली तर डॉक्टर आला, ही चांगलीच गोष्ट. पण गाडी येईपर्यंतचा वेळ रिकामा राहिला, आणि पॅरामेडिक नावाचा स्वतंत्र व्यवसाय या राज्यात वाढलाच नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम ३२ आले. त्यानुसार आयोग 'सामुदायिक आरोग्य प्रदाता' म्हणून मर्यादित परवाना देऊ शकतो. असा माणूस प्राथमिक आणि प्रतिबंधक उपचारात ठरावीक औषधे स्वतः देऊ शकतो, बाकी ठिकाणी डॉक्टरच्या देखरेखीखाली. परवान्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नसावी, अशी अटही घातली. डॉक्टरांच्या संघटनांनी देशभर संप केला. कलम कायद्यात राहिले, पण त्याखालचा परवाना हातात असलेला एकही माणूस आमच्या तालुक्यात माझ्या पाहण्यात नाही.

मग २०२१ मध्ये संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग कायदा झाला. यात पॅरामेडिकला नाव मिळाले, नोंदवही मिळाली. चांगलेच झाले. पण व्याख्या वाचा. संलग्न आरोग्य व्यावसायिक कोण? ज्याच्याकडे किमान २००० तासांचा, दोन ते चार वर्षांत पसरलेला पदविका किंवा पदवीचा अभ्यासक्रम आहे तो. तास मोजायचे ते महाविद्यालयातले. वस्तीतले नाहीत.

आमच्या आशाताईला हे काम करून दहा वर्षांवर झाली. बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा-सात फेऱ्या, बाळाचे वजन, ताप, क्षयरोग्याला गोळ्या, रात्री-अपरात्री दवाखान्यात सोबत. तासांचा हिशेब तुम्हीच करा. कायद्याच्या वहीत त्याची बेरीज शून्य आहे. कारण २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने तिला नेमले तेव्हाच तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले. पगार नाही, मोबदला. अनुभवाचा दाखला द्यायचा तर आधी नोकरी कबूल करावी लागते, आणि नोकरी कबूल करायची नव्हती.

या देशाला ही सवय जुनी आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत बाळंतपण करणारी सुईण मातंग समाजाची असायची. पाटलाच्या घरातले मूलही तिच्याच हातावर जन्माला यायचे. नाळ कापणे, वार पुरणे हे काम विटाळाचे, म्हणून ते तिचे. तिच्याकडे कौशल्य होते आणि गावाला ते हवेही होते. पण त्याला विद्या म्हणायला कुणी तयार नव्हते. (सुइणीच्या हातून सगळे छानच व्हायचे असे मी म्हणत नाही. धनुर्वाताने आणि बाळंतरोगाने किती गेल्या ते आमच्या आज्यांना विचारा.) सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंताच्या दवाखान्यापर्यंत चालत आल्या आणि त्याच साथीत गेल्या. रोग्याला घरातून उचलून उपचारापर्यंत पोचवणे हेच पॅरामेडिकचे काम आहे.

आता दुसरी बाजू, कारण माझे म्हणणे परवाना नको असे मुळीच नाही. परवाना नसला की सर्वांत आधी आपली माणसे मरतात. कुठल्याही वस्तीत जा, कसलीही नोंदणी नसलेला एखादा 'डॉक्टर' सापडेल. अंग दुखले, सलाईन. ताप आला, स्टेरॉइडची सुई. मजुराला दुसऱ्या दिवशी कामावर उभे राहायचे असते, तो पैसे देतो. हा माणूस कॉलनीत दुकान मांडत नाही, वस्तीत मांडतो, कारण तक्रार करणारे तिथे कुणी नाही. कायदा, नोंद, जबाबदारी ही ज्यांच्यामागे सत्ता नाही त्यांची ढाल असते. संविधानाच्या माणसांनी परवान्याची चेष्टा करू नये.

प्रश्न आहे तो परवाना कशावर द्यायचा याचा. आणि इथे महाराष्ट्राकडे असा पुरावा आहे की तो जगाने वाचला, आपण मात्र फाईलीत ठेवला. १९७० मध्ये जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्या बायांना, त्यांत दलित आणि निरक्षर बायाही होत्या, आरोग्याचे काम शिकवायला सुरुवात केली. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्याकडे गाव बाळ दाखवायला येऊ लागले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने ३९ गावांत स्थानिक बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग ओळखणे आणि डॉक्टर न मिळाल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, हेही शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले, नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता. थोड्या शाळेच्या बाईने, नीट प्रशिक्षण घेऊन, लिखित नियमांप्रमाणे दिलेल्या सुईने बाळे वाचली.

त्यानंतर काय झाले? घरोघरी जाऊन बाळ बघण्याची पद्धत सरकारने उचलली आणि देशभरच्या आशांना दिली. सुई मात्र आशाताईच्या हातात आली नाही. ती पुढे २०१४ मध्ये काही अटींवर एएनएमपर्यंत आली. फेऱ्या खाली आल्या, अधिकार वरच्या पायरीवर थांबला.

हे योगायोगाने होत नाही. बाबासाहेबांनी जातीला नुसती विषमता म्हटले नाही, श्रेणीबद्ध विषमता म्हटले. तिथे प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी असतो आणि पायाखालीही कुणीतरी असतो, म्हणून कुणीच पूर्ण बंड करत नाही. आरोग्य खाते उघडून बघा. वर विशेषज्ञ, खाली एमबीबीएस, खाली आयुर्वेद-होमिओपॅथीवाले, मग समुदाय आरोग्य अधिकारी, मग नर्स, मग एएनएम, सर्वांत शेवटी आशाताई. होमिओपॅथच्या एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमाला महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्याने जागा दिली, २०२५ मध्ये नोंदणीचा विषय पेटला तेव्हा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी पुन्हा संप केला. ज्यांनी त्या भांडणात आपला हक्क मागितला, तेच उद्या आशाताईच्या हातात सुई दिली तर विरोधात उभे राहणार नाहीत, याची खात्री कुणी द्यावी?

याच जागी अमेरिकेतली एक गोष्ट सांगतो. काळ्यांच्या लढ्याशी आपले नाते पँथरपासूनचे आहे, पण ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पिट्सबर्ग शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्यांच्या वस्तीत आजारी माणसाला न्यायला पोलिसांची गाडी यायची. उपचार काही नाही, मागे टाकायचे आणि न्यायचे. १९६७ मध्ये तिथे फ्रीडम हाउस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. बेकार काळ्या तरुणांना डॉ. पीटर साफर यांनी सुमारे ३०० तासांचे कसून प्रशिक्षण दिले. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी ते आणखी वाढवले. रस्त्यावर जीव वाचवण्याचे काम या पोरांनी इतके उत्तम केले की त्यांच्या अभ्यासक्रमावरून पुढे साऱ्या देशाचा अभ्यासक्रम घडला. आणि १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली, फ्रीडम हाउस बंद केले. काळ्या पॅरामेडिकांना नव्या सेवेत घेतले खरे, पण परीक्षा, जुने पोलीस रेकॉर्ड आणि बदललेल्या अटी पुढे करून त्यांतल्या बहुतेकांना हळूहळू बाहेर काढले. ज्यांनी व्यवसाय घडवला त्यांना व्यवसायाच्या दारातून परत पाठवले, आणि ते करायला कुणी काठी उगारली नाही, पात्रतेचा कागद पुरला.

हा धोका आपल्यापुढे आहे. उद्या सरकारने जाहीर केले की गावोगावी परवानाधारक पॅरामेडिक नेमणार, तर पहिल्या महिन्यात काय होईल? खासगी महाविद्यालये निघतील, लाखांत फी लागेल, बारावी विज्ञान अनिवार्य होईल. शहरातली मुले पदविका घेऊन येतील, दोन वर्षे बंधपत्र भरतील आणि बदली करून जातील. आशाताई त्यांना घरे दाखवत फिरेल.

परवाना दुसऱ्या रीतीनेही देता येतो. अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्याने २०११ मध्ये कम्युनिटी पॅरामेडिकचा कायदा केला. त्यात आधी पॅरामेडिक म्हणून दोन वर्षे पूर्णवेळ काम केलेले असणे ही अट आहे, त्यावर ठरावीक प्रशिक्षण, आणि वैद्यकीय संचालकाची देखरेख. म्हणजे केलेले काम ही पात्रता धरली. ते राज्य काही आपला आदर्श नाही, तिथल्या दवाखान्याच्या बिलांबद्दल न बोललेलेच बरे. पण अनुभव मोजता येतो एवढे तरी त्यातून दिसते.

आपल्या कायद्यातही फटी आहेत. औषध नियमांच्या अनुसूची 'के'मध्ये बहुउद्देशीय कर्मचारी, एएनएम, गावपातळीवरचे आरोग्य स्वयंसेवक यांना सरकारी कार्यक्रमातली औषधे देण्यासाठी विक्री परवान्यातून सूट आहे. बाळंतपणात एएनएमने ऑक्सिटोसिन आणि झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यावा, हा निर्णय केंद्राने धोरणाने घेतला, त्यासाठी तिला डॉक्टर बनवावे लागले नाही. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांत रोग्याजवळ आरोग्य कर्मचारी आणि फोनवर डॉक्टर ही पद्धत मान्य आहे, आणि सक्षम अधिकाऱ्याने नेमलेला कोणताही आरोग्य कर्मचारी त्यात बसतो. माळपठारावर ॲट्रोपिनचा पहिला डोस फोनवरच्या डॉक्टरच्या सांगण्यावरून द्यायला लागते काय? प्रशिक्षण, लेखी कार्यपद्धती, औषधाची पेटी आणि "ही जबाबदारी खात्याची" असे लिहिलेला एक कागद. चारपैकी तीन गोष्टी मिळतील. चौथी मिळाल्याशिवाय आशाताईने सुई उचलू नये, असे मी स्वतः तिला सांगेन.

आता आपल्याच साथीदारांचा आक्षेप. मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ भाऊंनी मला झापले. म्हणाले, श्रीमंताला एमडी आणि आमच्या वस्तीला अर्धा डॉक्टर? हेच मागायला बाबासाहेबांनी शिकवले का? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात लायसेन्शिएट नावाचे कमी मुदतीचे डॉक्टर होते. १९४६ च्या भोर समितीच्या वेळी देशातल्या सत्तेचाळीस हजारांवर नोंदणीकृत डॉक्टरांपैकी सुमारे तीस हजार तेच होते. समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर घडवायचा. काही सदस्यांनी असहमती नोंदवली. तत्त्व उत्तम होते. फक्त तो पूर्ण डॉक्टर नंतर शहरातच राहिला, आणि खेड्याला ना पूर्ण मिळाला ना अर्धा.

आसामने २००४ च्या कायद्याने ग्रामीण भागासाठी तीन वर्षांचा पदविकाधारक आणला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तो कायदा रद्द ठरवला, वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे हा केंद्राचा विषय आहे म्हणून. त्याचबरोबर शहरात काम करणाऱ्याची पात्रता एक आणि खेड्यात दुसरी, अशा भेदभावाबद्दलही न्यायालयाने सावध केले. मात्र त्या पदविकाधारकांना सामुदायिक व्यावसायिक म्हणून वेगळी जागा देणारा २०१५ चा कायदा टिकला. भाऊंना मी हेच सांगितले: डॉक्टरच्या ऐवजी पॅरामेडिक ही मागणीच नाही. डॉक्टरची रिकामी जागा भरा ही मागणी कायम. पॅरामेडिक हवा तो डॉक्टर येईपर्यंतच्या वेळासाठी, आणि तो वेळ पुण्यातही असतो. म्हणून परवाना 'ग्रामीण' किंवा 'आदिवासी' असा शिक्का मारलेला नको. तोच परवाना कोथरूडमध्ये चालला पाहिजे आणि माळपठारावरही. जे कोथरूडला द्यायला तुम्ही कचराल ते आम्हाला देऊ नका. भाऊ पूर्ण पटले असे नाही, पण चहा घेऊन गेले.

तर मागायचे काय? परवाना कामागणिक द्या: विषबाधा, सर्पदंश, बाळंतपणातला रक्तस्राव, झटके, नवजाताचा ताप. एकेक काम शिकवा, प्रत्यक्ष करून घेऊन परीक्षा घ्या, तेवढ्या कामाची मुभा नोंदवा, दर काही वर्षांनी पुन्हा तपासा. परीक्षा मराठीत, आणि तांड्यावरच्या बाईला गोरमाटीत तोंडी उत्तर देता यावे. आशा, एएनएम, १०८ वरचे कर्मचारी यांनी केलेली वर्षे त्या २००० तासांत धरा, नुसती धरू नका, नियमात लिहा. शिक्षण सरकारी आणि फुकट, जागांना आरक्षण, त्याच तालुक्यातल्या रहिवाशाला आधी संधी. परवाना मिळाल्यावर पद आणि पगार, नाहीतर परवानाधारक स्वयंसेविका नावाची नवी वेठबिगारी तयार होईल. आणि ज्या डॉक्टरने फोनवर सांगितले त्याचे नाव वेळेसह नोंदले गेले पाहिजे, म्हणजे काही बिघडले तर चौकशी खालून सुरू होऊन खालीच संपणार नाही.

पश्चिम बंगाल खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की सरकारी दवाखान्यात वेळेवर तातडीचा उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही. तो मजूर रेल्वेतून पडला होता आणि एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरवला गेला होता. आमच्याकडे फिरवायलाही दवाखाना जवळ नाही.

पात्रतेचे नियम केंद्राने करायचे आहेत, पण लेखी कार्यपद्धती, पेटी आणि जबाबदारीचा कागद जिल्हा परिषद आणि राज्याच्या आरोग्य खात्याच्या हातात आहे. येत्या फवारणीच्या आधी पुसद, महागाव आणि उमरखेड तालुक्यांतल्या ग्रामसभांत यावर ठराव घ्यायचे आम्ही ठरवले आहे. मसुदा तयार आहे. त्यात पहिली सही आमच्या आशाताईची नसेल, तिने तसे स्पष्ट सांगितले. तिचा मोबदला अजून दोन महिन्यांचा थकलेला आहे आणि तिला नाव पुढे यायला नको आहे. पहिली सही माझ्या मावसभावाची आहे.